गुरुवारचा पंप

निवृत्त झाल्यापासून बाबांकडे एकच काम उरलं आहे, ते म्हणजे गुरुवार. दर गुरुवारी सकाळी अकराला ते आईला गाडीत बसवतात, बुऱ्हाणपूरच्या लालबागहून शाहपूरला मावशीकडे नेतात आणि उन्हं कलल्यावर परत आणतात. मावशी चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. सकाळी सातला निघा, ऊन लागणार नाही, असं मी किमान शंभर वेळा सांगितलं असेल. पण पूजा, पेपर आणि दुसरा चहा झाल्याशिवाय बाबांचा दिवस सुरू होत नाही आणि तोवर बुऱ्हाणपूरचा सूर्य डोक्यावर येऊन बसतो. उरलेले सहा दिवस ते त्या एका गुरुवारची तयारी करतात. गाडी पुसतात, हवा बघतात, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून डोळ्यांजवळ धरतात, पुसून परत आत घालतात.

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनी कधीच बंद पडली आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं आई म्हणते. गोल पाठ, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गियर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. त्या सीटमुळेच ही गाडी आमच्या दारात टिकली आहे. आई तीन वर्षांपूर्वी पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा उजवा पाय पूर्ण वाकत नाही. माझ्या लहान गाडीत तिला मागच्या सीटवर आडवं बसावं लागतं आणि प्रत्येक गतिरोधकाला ती डोळे मिटून घेते. बाबांच्या गाडीत ती पुढे ऐसपैस पाय सोडून बसते.

आता आमच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, कधी काही घडलंय म्हणावं तर तसंही नाही. ते फक्त माझ्यामार्फत बोलतात. ताटावर समोरासमोर बसलेले असतात आणि बाबा मला म्हणतात, "तुझ्या आईले सांग, आज वरण पातळ झालं." आई माझ्याकडे बघून म्हणते, "यांना सांग, पातळच खावं डॉक्टरांनी सांगितलंय." मी शाळेत सातवीच्या मुलींना गणित शिकवते, घरी येऊन टपाल वाटते. मी लग्न केलं नाही त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, पण मी गेले असते तर या दोघांनी पोस्टकार्डं लिहिली असती याची मला खात्री आहे. एकदा मी बाबांना विचारलं होतं, शाहपूरपर्यंत पाऊण तास दोघंच असता, मी नसते, तेव्हा करता काय? ते म्हणाले, "रस्ता पाहतो."

तर हा रस्ता पाहण्याचा कार्यक्रम उन्हाळ्यात दरवर्षी बिघडायचा. या जुन्या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीतच बसवलेला असतो आणि इंजिनच त्याचा दांडा हलवून त्याला चालवतं. इंजिन तापलं की पंप तापतो, पंप तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग तो नुसती वाफ घुसळत बसतो. गाडी दोन आचके देते आणि उभी राहते. तापीचा पूल ओलांडून शाहपूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे. गाडी हमखास त्याच्या आसपास बंद पडायची.

त्यावर बाबांचा इलाज ठरलेला. दुसऱ्या गावचे लोक पंपावर ओलं फडकं टाकतात म्हणे. बाबा शेजारच्या केळीच्या बागेत उतरायचे. घड काढून झाल्यावर केळीचे खांब तोडून बांधावर टाकलेले असतात, त्यांचं एक जाड, पाण्याने भरलेलं साल, सोपट म्हणतात ते, सोलून आणायचे आणि पंपावर दाबून बसवायचे. अर्धा तास थांबायचं, मग गाडी सुरू. हे त्यांनी इतकी वर्षं केलं की त्यांना तो गाडीचा दोष वाटतच नव्हता. गाडी दमते, असं ते म्हणायचे.

या एप्रिलमध्ये ती एका फेरीत दोनदा दमली. पहिल्यांदा कडुलिंबापाशी. दुसऱ्यांदा परत येताना, जिथे दूरवर झाडाचं पान नव्हतं तिथे. मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि फोन आला. बोलणारा कुणी अनोळखी टेम्पोवाला होता. "मॅडम, तुमच्या आईले चक्कर आली. मी घेऊन येऊन राह्यलो, टेन्शन नका घेऊ." मी शाळेतून धावत घरी आले. आई केळीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आली, चेहरा लाल, ओठ कोरडे. बाबा तासाभराने गाडी घेऊन आले आणि आल्याआल्या मला म्हणाले, "तुझ्या आईले विचार, आता कसं वाटतं?"

माझं डोकं फिरलं. मी आयुष्यात बाबांवर इतकी ओरडले नव्हते. मी सांगून टाकलं: एक तर हा पंप काढून विजेवर चालणारा बसवायचा, नाही तर गुरुवार माझा. शाळा सुटल्यावर मी आईला माझ्या गाडीतून नेईन, तुम्ही घरी बसायचं.

पण गुरुवार काढून घेणं म्हणजे काय हे मला बोलताना कळत होतं, आणि तरी मी बोलले. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याशीही बोलणं बंद केलं, त्यामुळे घरातलं टपाल पूर्ण ठप्प झालं. आई जेवण वाढून ठेवायची आणि ते भूक लागली की येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बसव तुझा पंप. पण मूळचं काही काढायचं नाही."

हे गृहस्थ वीज ऑफिसातून रिटायर झालेले. लोकांच्या 'लाइट गेली'च्या तक्रारी लिहून घेण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली आणि त्यातून त्यांनी एकच धडा घेतला, की विजेच्या भरवशावर राहू नये. "इंजिन चालू तर पंप चालू," ते म्हणाले. "याच्यात बिघडणार काय? त्या तुझ्या पंपाची वायर सुटली तर?" मी म्हटलं, "आणि आईला परत चक्कर आली तर?" यावर ते गाडी पुसायला निघून गेले.

पंप मी मागवला. बारा व्होल्टचा, कमी दाबाचा, जुन्या गाड्यांना चालणारा. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकले, कारण सांगायला कुणी नव्हतं. या गाडीचा जाणकार मिस्त्री वारला, आणि नव्या गॅरेजात गेले तर तिथल्या माणसाने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, याला कंप्युटर कुठं लावायचा?" दुसऱ्या गॅरेजवाल्याने विकून टाका म्हटलं. तिसरा फोटो काढत बसला. शेवटी आमच्या शाळेच्या शिपायाने निंबोल्याच्या एका मोटरवाल्याचं नाव सुचवलं. शेतातल्या मोटरी दुरुस्त करणं, बोअरमध्ये उतरवणं, बाहेर काढणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा माणूस, पाण्याच्या ज्या पंपापुढे लोक हात टेकतात तो हा चालू करून देतो अशी ख्याती. पंप तो पंप, मी म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा हे बरं.

तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खाली बसून टाकी पाहिली. मग बाबांना म्हणाला, "काका, तुमची मोटर काठावर बसली आहे आन् पाणी तिकडं मागं, खाली. ती वढून वढून दमते. आपण मोटर विहिरीत उतरवू. म्हणजे टाकीपाशी. तिथून ढकलंन." बाबा जन्मात पहिल्यांदा या विषयावर मान डोलावताना दिसले. आमचे आजोबा केळीवाले, त्यामुळे विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटरही खाली उतरवायची हे बाबांना लहानपणापासून ठाऊक. मी आठ दिवस व्हिडिओ दाखवून जे पटवू शकले नव्हते ते याने एका वाक्यात पटवलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला.

"आन् जुनी?" बाबांनी विचारलं.

"जुनी राहू द्या ना जागेवर. काढायची कायले? नळी तिच्यातूनच जाऊ देऊ. उद्या नवी जळाली तर अडीनडीले कामी येईन."

इकडे सगळे शेतकरी असंच करतात. विहिरीत नवी मोटर सोडली तरी काठावरची जुनी काढत नाहीत. ती तिथेच ओट्यावर गंजत बसते, पाइप तिच्यातूनच जातो, आणि नवी बिघडली की लोक जुनीचं बटण दाबून बघतात. बाबांचा चेहरा उजळला. मूळचं काही काढायचं नाही ही त्यांची अट न मागता पुरी झाली होती. मी एका व्हिडिओत पाहिलं होतं की जुना पंप काढून तिथल्या भोकावर पत्र्याची पट्टी मारावी लागते. तसं मी म्हटलंही. पण दोन पुरुष एका गोष्टीवर एकमत झाल्यावर गणिताच्या बाईचं कोण ऐकतं? आणि खरं सांगायचं तर मला घरात शांतता हवी होती. मी गप्प बसले, ही माझी चूक.

नवीन पंप बसला. चावी फिरवली की मागून टक टक टक असा आवाज यायचा, मग इंजिन सुरू. पुढच्या गुरुवारी दोघं निघाली आणि न थांबता शाहपूरला पोचली. न थांबता परत आली. मी शाळेतून येऊन दारातच आईला विचारलं, "थांबली नाही ना?"

"नाही थांबली," आई म्हणाली. तक्रार सांगावी तशा सुरात. आणि आत जाऊन पडून राहिली. बाबा व्हरांड्यात पेपर उघडून बसले होते, सकाळचाच. या घरात काही चांगलं झालं तरी कुणाला ते दिसत नाही, असं मी स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकवलं.

नंतर चारेक दिवसांनी बाबा तेलाची पट्टी हातात घेऊन घरात आले. चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. "तेल वाढलं," म्हणाले. ही गाडी वर्षानुवर्षं तेल पीत आली होती, दर महिन्याला वर थोडं ओतावं लागायचं. आता पट्टीवरची खूण ओलांडून तेल वर चढलं होतं. बाबांनी शेजारच्यांना बोलावून दाखवलं. नवा पंप इतका गुणी निघाला की गाडी तेल खायची सोडाच, उलट द्यायला लागली, असा त्यांचा सिद्धांत. पुढचे दोन दिवस ते रोज वाढ मोजत होते. बुधवारी सकाळी मी ती पट्टी हातातून घेतली आणि नाकाला लावली. पेट्रोलचा भपकारा आला.

मी निंबोल्याला फोन लावला. मोटरवाला दुपारी आला, पट्टी हुंगली, आणि डोक्याला हात लावून तिथेच पायरीवर बसला. "चुकलं माझं, ताई. जुन्या मोटरीत रबराचा पडदा राहतो. तो फाटला असंन. नवी मागून जोर करून ढकलते, तर पेट्रोल पडद्यातून आत, तेलात उतरून राह्यलं." मग पट्टी पुसत म्हणाला, "शेतात जुनी मोटर गळली तर पाणी केळीलेच जातं ना. माझ्या ध्यानातच नाही आलं, इथं खाली केळी नाही म्हणून."

तेलात पेट्रोल म्हणजे आज ना उद्या इंजिन खलास, आणि पेटलं तर माणसं. त्या गाडीत दोन म्हातारी बसून जात होती. आता जुना पंप काढायचा, तिथलं भोक पट्टीने बंद करायचं, सगळं तेल बदलायचं. मोटरवाल्याने पाना काढला. बाबा बॉनेटसमोर उभे राहिले, हलेचनात.

"तो नाही काढायचा," म्हणाले.

"बाबा, तो फाटलाय."

"दुसरा पडदा टाका. नवा पंप काढा. पहिल्यासारखं करा."

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, म्हणतात ते काही उगाच नाही. मी म्हटलं, "पहिल्यासारखं म्हणजे दर गुरुवारी आईला उन्हात अर्धा तास बसवायचं? उद्या गुरुवार आहे. संध्याकाळपर्यंत हे झालं नाही तर उद्यापासून मी नेणार. शाळेला सुट्ट्या लागल्यात, मला वेळच वेळ आहे."

मग त्यांनी मोटरवाल्याच्या हातातला पाना घेतला आणि स्वतः वाकून ते दोन बोल्ट सोडवले. एकेक करून, सावकाश. पंप बाहेर निघाला, तळहातावर मावेल एवढा, काळा, तेलकट. त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि डिकीत ठेवला. मोटरवाल्याने जुन्या स्टार्टरच्या पेटीचा पत्रा कापून त्या भोकावर चकचकीत पट्टी बसवली, खाली रबर घातलं, तेल बदललं. गाडी सुरू झाली. टक टक टक.

गुरुवारी मी सोबत गेले. मुद्दाम. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं की गाडी थांबत नाही, आणि थांबली तर त्याच क्षणी चावी ताब्यात घ्यायची होती. आई-बाबा पुढे, मी मागे. पूल यायच्या आत आई म्हणाली, "यांना सांग, काच थोडी खाली करा." बाबा म्हणाले, "तुझ्या आईले सांग, गरम हवा येईन." हे दोघं एका सीटवर, हातभर अंतरावर. मी दोन्ही निरोप पोचवले.

पूल मागे पडला. गाडी मस्त चालली होती, तापमानाचा काटा मध्यावर. मी मनातल्या मनात मोटरवाल्याला माफ करून टाकलं. समोर कडुलिंबाचं झाड आलं, आणि गाडीचा वेग कमी व्हायला लागला.

"काय झालं?" मी सीटवरून पुढे झुकले.

बाबांनी गाडी कडेला घेतली. मागून टक टक ऐकू येत होतं, पंप ठणठणीत चालू होता, इंजिन चालू होतं. त्यांनी चावी फिरवून ते बंद केलं.

"बाबा, थांबवली का?"

"गरम झाली असंन."

"काटा मध्यावर आहे!"

ते उतरले, रस्ता ओलांडला, बांधावरून केळीच्या खांबाचं एक सोपट सोलून आणलं. बॉनेट उघडलं आणि ते सोपट त्या नव्या चकचकीत पट्टीवर नीट दाबून ठेवलं.

"तिथे पंप नाहीये आता," मी खिडकीतून ओरडले. "पट्टी आहे नुसती!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी आईच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला. आई त्यांचा हात धरून उतरली, पाय सरळ ठेवून, सवयीने. झाडाखाली एक बसका दगड होता, वर बसून बसून गुळगुळीत झालेला. त्यावर ती बसली. बाबा तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी पाण्याची बाटली उघडून तिला दिली.

मी दार उघडायला हात लावला होता. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "रात्री उठली होतीस दोनदा. लई दुखून राह्यलं का?"

"फार नाही," आई म्हणाली. "तुम्ही जागे होता?"

"होतो."

"मग बोलले का नाही?"

बाबा काडीने जमिनीवर रेघोट्या मारत राहिले. मग आई म्हणाली, मागच्या गुरुवारी थांबलो नाही तेव्हा मला वाटलं, संपलं आता हे. बाबा म्हणाले, मलेही वाटलं. नंतर ते मावशीबद्दल बोलले, मावशीच्या सुनेबद्दल, माझ्याबद्दलही बोलले असावेत कारण आईने एकदा गाडीकडे पाहिलं आणि हसली. बाबा हसले. ते दोघं एकत्र हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला आठवलं नाही. आत गाडी भट्टीसारखी तापली होती, घाम डोळ्यांत उतरत होता. मी दारावरचा हात काढून घेतला आणि मागच्या सीटवर खाली सरकून बसले, दिसू नये अशी.

अर्धा तास झाला. बाबांनी सोपट काढून बांधावर टाकलं, बॉनेट लावलं. आईला हात देऊन सीटपाशी आणलं. मग खिडकीतून वाकून माझ्याकडे बघत म्हणाले,

"तुझ्या आईले सांग, पाय सांभाळून आत घे म्हणावं."

मी सांगितलं.